दोन टाइमचं घड्याळ घ्यायचंय? आधी आपल्या अर्ध्या तासाचं बघा

उन्हाळ्याची सुट्टी आली, दिवाळी आली की जळगाव-धुळ्यापासून शिरपूर-चोपड्यापर्यंत सगळीकडे टूरचीच चर्चा, कोणी दुबईला कोणी थायलंडला कोणी सिंगापूर-मलेशियाला, आणि ज्यांची पोरं पुण्यात शिकून पुढे जर्मनीला नाहीतर अमेरिकेला गेली ते आईबाप तर नातवंडं बघायला थेट पाच-सहा महिन्यांसाठीच निघतात. मग कोणीतरी म्हणतं की दोन देशांचा टाइम दाखवणारं एक चांगलं घड्याळ घेऊन टाकू, ऑनलाइन बघतात, जीएमटी लिहिलेलं लाल-निळ्या रिंगचं मस्त घड्याळ दिसतं आणि ऑर्डर करून मोकळे होतात. इथे जरा थांबा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ही घड्याळं ज्या हिशोबाने बनतात त्या हिशोबात आपला भारत नीट बसत नाही, आपला टाइम जीएमटीच्या म्हणजे लंडनजवळच्या ग्रिनिचच्या टाइमच्या (ज्यावरून जगभरचा टाइम मोजतात) साडेपाच तास पुढे आहे, आणि तो जो वरचा अर्धा तास आहे ना तो समजून न घेता पैसे घातले तर घड्याळ हातात असूनही घरी फोन करताना बोटं मोजावी लागतात.

मोबाईल असताना घड्याळ कशाला असं विचारणारे भरपूर आहेत, त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही, मोबाईल आपोआप तिकडचा टाइम पकडतो. पण विमानात फोन फ्लाइट मोडवर असतो, रोमिंग किंवा तिकडचं सिम सुरू व्हायला कधी वेळ लागतो, बीचवर फोन बॅगेत असतो आणि टूरची बस मात्र बरोबर पावणेआठलाच हॉटेलच्या दारातून निघते. शिवाय वयस्कर माणसांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, घरी फोन करायची वेळ, हे सगळं भारताच्या टाइमवर चाललेलं असतं (गोळ्यांच्या वेळा तिकडे गेल्यावर कशा बदलायच्या ते मात्र निघायच्या आधी डॉक्टरांनाच विचारा, ते घड्याळाचं काम नाही). आणि गावाकडची आजी फोन उचलल्या उचलल्या पहिलं हेच विचारते, "तठे कितला वाजनात रे भाऊ?" मनगटावर दोन्ही टाइम एका नजरेत दिसले की उत्तर लगेच देता येतं, फोनच्या स्क्रीनमध्ये शोधत बसावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. जीएमटी घड्याळात नेहमीचे तास-मिनिट-सेकंदाचे काटे असतात आणि त्याशिवाय एक चौथा काटा असतो जो २४ तासांत एकच फेरी मारतो, तो काटा २४ आकड्यांच्या रिंगवर दुसऱ्या देशाचा तास दाखवतो. ही कल्पना १९५० च्या दशकातली, जेट विमानं लांबच्या पल्ल्याला जायला लागली तेव्हा पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या पायलटांसाठी रोलेक्सने जीएमटी-मास्टर काढलं, रिंगचा लाल भाग दिवसाचा आणि निळा रात्रीचा, लोक त्याला आजही प्रेमाने पेप्सी म्हणतात आणि सगळ्या कंपन्यांनी तो रंग पुढे उचलला. युरोप आणि अमेरिकेच्या प्रवासासाठी हे एकदम पक्कं होतं, तिकडे देशादेशांत फरक पूर्ण तासांचा असतो. म्हणून या काट्याला मिनिटाचा वेगळा काटा दिलेलाच नाही, मिनिटाचा काटा दोन्ही देशांसाठी एकच.

आपल्यासाठी इथेच घोळ होतो. समजा तुम्ही दुबईत आहात, तिकडे सकाळचे १० वाजलेत, भारतात त्यावेळी साडेअकरा. घड्याळाचे मुख्य काटे १० दाखवतात, चौथा काटा तुम्ही भारतासाठी लावायला गेलात तर तो बहुतेक मशीनमध्ये एकेक तासानेच उडी मारतो, म्हणजे एकतर ११ वर बसेल नाहीतर १२ वर, साडेअकरावर नाही. नेपाळ तर याहून वेगळं, काठमांडू आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, पण तिथे जाणाऱ्याला दुसऱ्या टाइमची तशी गरजही पडत नाही. श्रीलंकेला जाणार असाल तर प्रश्नच मिटला, तिथला टाइम आपलाच.

मग जीएमटी घ्यायचंच नाही का? घ्या, पण दोन युक्त्या माहीत पाहिजेत. पहिली मिनिटांची. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे मिनिट काट्याची बरोबर समोरची बाजू, म्हणून काटा २ वर असेल म्हणजे तिकडे १० मिनिटं झाली असतील तर समोर ८ वर बघायचं, भारतात ४० मिनिटं. सवय झाली की हे आपोआप होतं. दुसरी युक्ती रिंगची, तिला बेझल म्हणतात. चौथा काटा ११ वर ठेवा आणि बेझल अर्धं घर डावीकडे म्हणजे उलट दिशेने सरकवा, आता तोच काटा बेझलवर ११ आणि १२ च्या मधोमध येतो, साडेअकरा. पण हे जमायला बेझल फिरणारं पाहिजे आणि ते अर्ध्या घरावर थांबलं पाहिजे. काहींची बेझल टकटक आवाज करत २४ टप्प्यांतच फिरते, त्यात अर्धं घर मिळत नाही, ४८ टप्प्यांची किंवा बिनटप्प्याची नुसती घट्ट फिरणारी असेल तर मिळतं. दुकानात घड्याळ हातात घेतल्यावर आधी हेच करून बघा, दुकानदाराला अर्धं घर सरकवून दाखवायला सांगा. बेझल फिक्स असेल तर ही दुसरी युक्ती विसरा.

जाता जाता एक गंमत सांगतो, ही फुकटची आहे आणि कुठल्याही साध्या काट्यांच्या घड्याळात चालते. भारताचा टाइम लावलेलं घड्याळ उलटं धरलं, म्हणजे १२ खाली आणि ६ वर, की हिवाळ्यातला लंडनचा टाइम दिसतो. आपल्याकडे दुपारचे १२ तर उलटं धरल्यावर साडेसहा, आणि लंडनला खरंच सकाळचे साडेसहा असतात. तास काटा थोडा इकडेतिकडे दिसतो पण अंदाज बरोबर लागतो. उन्हाळ्यात मात्र तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात त्यामुळे हे जमत नाही.

जीएमटीमध्ये आणखी एक फरक असतो जो जाहिरातीत नीट सांगत नाहीत. एका प्रकारात चावी अर्धी ओढून फिरवली की फक्त तो चौथा काटा हलतो, याला कॉलर जीएमटी म्हणतात, घरी बसून परदेशातल्या मुलाचा टाइम बघणाऱ्यासाठी हे बरं. दुसऱ्या प्रकारात मुख्य तास काटा एकेक तासाने पुढेमागे उडी मारतो, मिनिट-सेकंद चालूच राहतात आणि चौथा काटाही जागचा हलत नाही, याला फ्लायर किंवा ट्रू जीएमटी म्हणतात. दुबईहून पॅरिस, पॅरिसहून लंडन असा फिरणारा माणूस असेल तर फ्लायर, कारण प्रत्येक विमानतळावर चावी ओढून तास काटा दोन टिचक्यांत सरकवला की झालं, सेकंदाचाही फरक पडत नाही. तरी लक्षात ठेवा, भारतातून निघताना पहिल्यांदा अर्धा तास बदलायचा असतो तेव्हा चावी पूर्ण ओढून मिनिट काटाही सेट करावाच लागतो, तिथून पुढे बाहेरच्या देशांमध्ये नुसत्या उड्या. सेइकोचं ४आर३४ मशीन, जे त्यांच्या ५ स्पोर्ट्स जीएमटीत २०२२ पासून येतं, ते कॉलर आहे. मियोटाचं ९०७५ हे फ्लायर आहे. ऑनलाइन स्पेसिफिकेशनमध्ये मशीनचा नंबर दिलेला असतो, तो शोधून बघितला की कळतं.

आता माझं स्पष्ट मत. फॅमिलीसोबत वर्षातून एखादी ट्रिप करणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला काट्यांच्या जीएमटीपेक्षा अ‍ॅना-डिजी किंवा दोन मशीनचं घड्याळ जास्त कामाचं. अ‍ॅना-डिजी म्हणजे वर काटे आणि खाली छोटी डिजिटल खिडकी, काट्यांवर तिकडचा टाइम आणि खिडकीत भारताचा, अर्धा तास असो की पाऊण तास, काही फरक पडत नाही, दोन्ही वेगवेगळे लावता येतात. कॅसिओचं एक्यू-२३० असंच आहे, पातळ आणि छोटं, साधारण ३९ बाय ३० मिलिमीटर, बारीक मनगटाच्या बायकांनाही शोभतं, फक्त पाण्याच्या बाबतीत नाजूक आहे, हात धुताना उडालेले थेंब ठीक, पोहायला नाही. पूर्ण डिजिटल चालत असेल तर कॅसिओचंच एई-१२००, यात ४८ शहरांचा टाइम येतो, दिल्ली आहे, दुबई, बँकॉक, सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्क सगळं आहे, अर्धा तास तो स्वतःच सांभाळतो, सेल साधारण १० वर्षं चालतो असं कंपनी सांगते, १०० मीटरचं वॉटर रेझिस्टंट आणि वजन फक्त ३९ ग्रॅम, तेही काही हजारांत. सुट्टीच्या प्रवासासाठी याच्यापेक्षा पैसे वसूल घड्याळ मला तरी दिसत नाही. डिझाइन थोडं जुन्या काळचं वाटतं, पण पोरांना तेच आवडतं आजकाल.

दोन मशीनवाली म्हणजे एकाच डायलवर दोन छोटी घड्याळं, प्रत्येकाचा वेगळा तास-मिनिट काटा, वेगळी चावी, वेगळा सेल. ज्येष्ठांना हे समजायला सगळ्यात सोपं, वरचं घड्याळ इथलं खालचं घड्याळ घरचं, बटणं दाबायची भानगड नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, दोन्ही डायलचे आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का, काही फॅशनच्या घड्याळांत दुसरी डायल इतकी बारीक असते की शोभेपुरतीच. आणि दोन, ती दिवस की रात्र हे सांगते का. दुबई-थायलंडला याने फार बिघडत नाही, फरक दीड तासाचाच आहे, पण अमेरिकेला न्यूयॉर्कच्या बाजूला उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास, लॉस एंजेलिसच्या बाजूला तर साडेबारा आणि साडेतेरा तास. तिकडे रात्रीचे ९ वाजले की इकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते, १२ तासांच्या छोट्या डायलवर हे कळतच नाही. अमेरिकेसाठी २४ तासांचा काटा किंवा डिजिटलमधला २४ तासांचा मोड पाहिजेच.

कोणत्या देशाला किती फरक ते इथे एकदाच सांगून ठेवतो. दुबई आणि मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी आणि तुर्कस्तान अडीच तास मागे, मालदीव अर्धा तास मागे. थायलंड आणि व्हिएतनाम दीड तास पुढे, सिंगापूर, मलेशिया आणि बाली अडीच तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे. जर्मनी-फ्रान्स-स्वित्झर्लंड उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दिवाळीत युरोपला किंवा अमेरिकेला जाणाऱ्यांनी या तारखा आधी बघाव्यात, कारण ट्रिपच्या मधेच फरक बदलू शकतो, मोबाईल आपोआप बदलतो पण साधं घड्याळ तुम्हालाच बदलावं लागतं, आणि एई-१२०० सारख्या वर्ल्ड टाइममध्ये डीएसटी नावाची (उन्हाळ्यातल्या त्या एका तासाची) सेटिंग त्या शहरासाठी हाताने चालू-बंद करावी लागते.

साइजचं सांगतो, कारण यात लोक फक्त डायलचा व्यास बघून फसतात. ४२ मिलिमीटर लिहिलं म्हणजे मोठं आणि ३९ म्हणजे छोटं, असं नसतं. हातावर घड्याळ किती लांब बसेल ते ठरतं वरच्या पट्ट्याच्या कानापासून खालच्या कानापर्यंतच्या लांबीवर, त्याला लग टू लग म्हणतात. सेइकोचंच उदाहरण घ्या, एसएसके००१ चा व्यास ४२.५ मिलिमीटर पण लांबी ४६, आणि त्याच मशीनचं एसएसके०२३ व्यासाला ३९.४ पण लांबी जवळपास ४८. म्हणजे छोटं दिसणारं घड्याळ हातावर उलट जास्त लांब बसतं. दोन्हीची जाडी १३.६, ती शर्टाच्या बाहीखाली जरा अडकते, हेही समजून घ्या.

मोजायचं कसं? मनगटावर जिथे घड्याळ बांधता तिथे वरची सपाट जागा किती रुंद आहे ते साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. घड्याळाची लग टू लग लांबी त्याच्यापेक्षा कमी पाहिजे, दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली पाहिजे, कान मनगटाच्या बाहेर लटकले की घड्याळ सतत दाराला, बसच्या दांड्याला, बॅगेच्या हँडलला आपटतं आणि दिसतंही उसनं आणल्यासारखं. ऑनलाइन घेणार असाल तर कागदाचा तेवढ्या लांबीचा आणि रुंदीचा तुकडा कापून मनगटावर ठेवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. साधारण साडेसहा इंच घेराच्या मनगटाला ३८ ते ४० व्यास आणि ४७ च्या आत लांबी छान बसते, सव्वासात इंचाच्या वर असेल तर ४२-४४ चालेल. बायकांना ३२ ते ३६ मध्ये जीएमटी फार कमी मिळतं, टाइमेक्सचं क्यू जीएमटी ३८ चं आहे, तेही बारीक मनगटाला मोठंच, म्हणून त्यांच्यासाठी अ‍ॅना-डिजी किंवा छोटं डिजिटल असं मी आधीच म्हटलं. जाडी १२ च्या आत मिळाली तर उत्तम, प्रवासात जॅकेट घालणं-काढणं सारखं चालू असतं. आणि दुकानात सकाळी एसीत बसून घट्ट बांधून घेतलं तर लांबच्या विमानप्रवासात आणि उकाड्यात हात थोडा सुजतो तेव्हा ते रुततं, म्हणून पट्टा थोडा सैल करता येईल असाच पाहिजे, स्टीलची चेन असेल तर बकलमध्ये एकदोन जादा भोकं आहेत का ते बघा आणि काढलेल्या कड्या मागून घ्या, फेकू देऊ नका.

आता टिकाऊपणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, भुसावळ-जळगावचं ऊन काय असतं ते सांगायला नको, त्यामुळे आपल्या घड्याळाची खरी परीक्षा घरीच होते, ट्रिपला तर आठ-दहा दिवसच जायचं असतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवायचं नाही म्हणजे नाही, क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं मशीन आणि त्याचा सेल साधारण ६० डिग्रीपर्यंतच्या हिशोबाने बनवतात आणि बंद गाडीत काचेखाली तेवढं सहज होतं, डिजिटलची स्क्रीन तर काळी पडते. चामड्याचा पट्टा आपल्या घामाने कडक होतो, वास मारतो, नंतर तुटतो, प्रवासाच्या घड्याळाला तो नकोच. रबर, सिलिकॉन किंवा नायलॉन घ्या. नायलॉनचा तो लांब पट्टा जो घड्याळाच्या पाठीमागून एकसलग जातो, त्याला नाटो म्हणतात, त्याचा फायदा असा की एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ हातातून पडत नाही, दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, समुद्रात किंवा गर्दीत याची किंमत कळते. पट्ट्याची रुंदी २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर जळगावच्या फुले मार्केटमध्ये कुठेही दुसरा मिळेल, १९-२१ असली की शोधत फिरा. कॅसिओच्या जी-शॉकला मात्र त्याच मॉडेलचा पट्टा लागतो.

पाण्याचं प्रकरण नीट समजून घ्या, लोक इथे सगळ्यात जास्त घड्याळं घालवतात. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल नेता येतं असा अर्थ अजिबात नाही, ती प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाची चाचणी असते. ३० म्हणजे पावसाचे थेंब आणि हात धुणं, ५० म्हणजे हलकंसं पोहणं जेमतेम, १०० असेल तर स्विमिंग पूल, समुद्र, स्नॉर्केलिंग बिनधास्त. पटाया किंवा मालदीवला जाणाऱ्याने १०० च्या खाली बघूच नये, आणि चावी स्क्रूची असेल म्हणजे फिरवून घट्ट बसणारी, तर आणखी चांगलं. पाण्यात असताना चावी ओढायची नाही, बटणं दाबायची नाहीत. हॉटेलच्या गरम पाण्याच्या टबात आणि सोना-स्टीममध्ये काढून ठेवायचं, गरम वाफेने आतलं रबरचं वॉशर ढिलं होतं आणि काचेला आतून बाष्प धरतं. समुद्रातून आल्यावर साध्या गोड्या पाण्याखाली धरून धुवायचं, नाहीतर मीठ बेझलच्या आणि चेनच्या सांध्यात बसून ते खाऊन टाकतं. आणि घड्याळ जुनं असेल, सेल गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे बदललेला असेल, तर १०० लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका, झाकण उघडलं की वॉशर पुन्हा नीट बसलंच असं नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला प्रेशर टेस्ट करून घ्या.

काचेचे तीन प्रकार, प्लॅस्टिक म्हणजे अ‍ॅक्रेलिक, मिनरल आणि सफायर. वाळूतल्या कणांमध्ये क्वार्ट्झ असतं, त्याची कठीणता १ ते १० च्या मोजपट्टीवर ७, मिनरल काच त्याच्यापेक्षा मऊ म्हणून दुबईच्या डेझर्ट सफारीत आणि बीचवर तिच्यावर ओरखडे येतात, सफायर ९ वर असल्याने वाळूने ओरखडत नाही. पण सफायर जोरात फरशीवर आपटली तर फुटू शकते, ओरखडा आणि फुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅक्रेलिकवर ओरखडे लगेच पडतात पण पॉलिश करून निघतात, फुटत सहसा नाही. बजेट असेल तर सफायर, लहान पोरं सोबत असतील आणि आपटाआपटी जास्त होणार असेल तर रेझिनचं डिजिटल, त्याची काच बाहेरच्या कडेपेक्षा थोडी आत बसवलेली असेल तर आणखी बरं.

मशीन कोणतं? सुट्टीसाठी क्वार्ट्झ किंवा सोलर, माझं ठाम मत. ऑटोमॅटिक म्हणजे सेलशिवाय, हाताच्या हालचालीने चालणारं घड्याळ सुंदर असतं, हातात घेतलं की जिवंत वाटतं, मलाही फार आवडतं, पण सेइकोचं ४आर मशीन कंपनीच्याच हिशोबाने दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाऊ शकतं आणि काढून ठेवलं तर ४१ तासांच्या आसपास बंद पडतं, क्वार्ट्झ महिन्याला १५-२० सेकंदच चुकतं. ऑटोमॅटिकची तारीख रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने बदलायची नाही, आतले दाते त्यावेळी अडकलेले असतात, आणि नेमक्या याच वेळात परदेशी जाणारी बरीच विमानं मुंबईहून सुटतात. शिवाय लोहचुंबक, मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरवर आणि पर्सच्या बटणावर घड्याळ ठेवलं तर आतली स्प्रिंग चुंबकीय होऊन ते एकदम पुढे पळायला लागतं. सोलर म्हणजे सिटिझनचं इको-ड्राइव्ह किंवा कॅसिओचं टफ सोलर, सेल बदलायची कटकट नाही, झाकण वर्षानुवर्षं उघडत नाही म्हणून वॉशरही शाबूत राहतं, आणि उजेडाची कमी आपल्या खान्देशात कधीच नाही. ज्यांना ऑटोमॅटिक जीएमटीच पाहिजे त्यांनी सर्व्हिसचं आधी विचारावं, ते मशीन खोलणारा माणूस जळगावात आहे का मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं, किती दिवस लागतात. साधा सेल कुठेही बदलून मिळतो.

घ्यायला जाल तेव्हा शक्यतो दुकानातूनच घ्या, पक्कं बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, आणि मागच्या झाकणावरचा मॉडेल नंबर कार्डाशी जुळवून. एक मिनिट अंधारात किंवा हाताच्या ओंजळीत धरून काटे चमकतात का ते बघा, विमानात लाइट बंद झाल्यावर आणि हॉटेलच्या अनोळखी खोलीत रात्री उठल्यावर तेच लागतं. डिजिटल असेल तर लाइटचं बटण घरातल्या मोठ्यांना दाबता येतं का. भावाचं म्हणाल तर मोठ्या ब्रँडची नक्कल रस्त्यावर आणि ऑनलाइन भरपूर मिळते, तिच्यात चौथा काटा बऱ्याचदा नुसता मुख्य काट्याबरोबरच फिरतो, वेगळा लावताच येत नाही, म्हणजे दोन टाइमचं घड्याळ म्हणून ते शून्य कामाचं. दुकानात स्वतः चावी ओढून तो काटा वेगळा हलतो का हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. खूप महागडं घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर विमानतळावर निघतानाच कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या आणि बिलाची कॉपी सोबत ठेवा, परत येताना हे तिकडून विकत आणलं का अशी विचारणा झाली तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

घड्याळ घरी आलं की निघायच्या आठवडाभर आधीच दुसरा टाइम लावून रोज वापरायला सुरुवात करा, म्हणजे भारतात असतानाच दुबईचा किंवा न्यूयॉर्कचा टाइम वाचायची सवय होते, आईवडील जाणार असतील तर त्यांना स्वतः लावून न देता त्यांच्याच हाताने लावायला लावा, तिकडे मुलगा ऑफिसला गेल्यावर त्यांनाच करायचं आहे. सेटिंगचं ते बारीक अक्षरातलं पुस्तक घरीच राहतं, म्हणून कामाच्या दोन पानांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. विमानतळावर सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये घड्याळ सुटं टाकू नका, आधीच काढून हँडबॅगेच्या चेनच्या कप्प्यात ठेवा, मागच्याच्या घाईत तिथून वस्तू राहून जातात. विमान उडालं की मुख्य काटे तिकडच्या टाइमवर करून टाका आणि भारताचा दुसऱ्या जागी ठेवा, उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत चावीशी झटापट नको. परत आल्यावर सोलर असेल तर महिनोन्महिने कपाटात बंद करून ठेवू नका, उजेडात ठेवा पण थेट उन्हात नको, आणि नायलॉनचा पट्टा साबणाने धुऊन सावलीत वाळवा.